मार्तंडरावांची शांती

१९५५ साली मुलुंडला आमच्या चाळीतली भांडणं कोर्टात जात नसत. ती मार्तंडराव टिपणिसांच्या ओट्यावर येत. मार्तंडराव रेल्वेत कारकून. भर वैशाखात गळ्याला मफलर गुंडाळून बसत. दोन्ही पक्ष ओरडत. ते नुसते बघत. शेवटी भांडणारे दमत आणि निकाल आपल्याच बाजूने लागला, असं समजून दोघेही घरी जात.

चाळ त्यांना स्थितप्रज्ञ म्हणे. मी त्यांचा तरुण मित्र, नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालेला. मलाही दुसरा शब्द सुचला नव्हता.

त्यांच्या बायकोला, उत्तरावहिनींना, मात्र स्थितप्रज्ञ नको होता.

"भिंतीशी संसार करतेय मी," त्या मला म्हणाल्या. "मला नवरा हवाय रे. भांडला तरी चालेल."

त्या मार्तंडरावांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. सोबत मी. डॉक्टरांनी मफलर सोडवला, गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं.

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते," अहवाल पाहून ते म्हणाले. "तिच्या रसाचा हुकूम गळ्यातल्या ग्रंथीला जातो. मग ती आपला रस सोडते. तो कमी पडला की उन्हाळ्यातही थंडी वाजते आणि माणसाचा उत्साह, राग, बोलणं, सगळंच थंडावतं. यांच्याकडे वरून हुकूमच नीट सुटत नाही."

"म्हणजे ही शांती नव्हे?" मी विचारलं.

"आजार," डॉक्टर म्हणाले.

गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत मफलर उतरला. मग एका संध्याकाळी चाळीतले दत्ताराम आणि काशीराम भांडत ओट्यावर आले. दत्तारामच्या कोंबडीने काशीरामच्या अंथरुणात अंडं घातलं होतं. अंडं कोणाचं?

मार्तंडराव ताडकन उठले. "अंडं कोंबडीचं! तिला विचारा! आणि आधी माझ्या ओट्यावरून चालते व्हा!"



दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही वहिनींच्या दारात. पहिल्यांदाच एका बाजूचे.

"वैनी, गोळये बंद करा," दत्तारामने हात जोडले. "तुमी आमच्या देवाचो माणूस केल्यात!"

"चाळीची वाट लागेल, वहिनी," काशीराम म्हणाला.

तेवढ्यात आतून आवाज आला. "उत्तरा! हा चहा आहे की धुण्याचं पाणी?"

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, रडल्या. मग त्या आत तोंड करून गरजल्या, "नको असेल तर ओता मोरीत!"

आणि दत्तारामकडे वळून हसत म्हणाल्या, "गोळ्या चालूच राहतील."

आतून लगेच प्रत्युत्तर आलं. वहिनी लगबगीने आत गेल्या. त्यातला एक शब्दही त्यांना चुकवायचा नव्हता.