आयपीओचे लाभार्थी

हसायचं असल तर आत्ताच हसून घ्या. मधी-मधी फिदीफिदी केलं तर मी सांगायचं बंद करीन. ह्या गोष्टीवर आख्खं गाव टाळ्या वाजवून बसलं, पण आमच्या घरात एक माणूस अजून हसलं न्हाई, अन् ते माणूस म्हंजी माझी बायको हाय.

तर आखाडा बाळापूरला माझं खत-बियाण्याचं दुकान हाय. काउंटरच्या वर टीव्ही, अन् टीव्हीवर सकाळपासून शेअर बाजाराच्या बातम्या. गिऱ्हाईक यायचं, "पल्हादराव, युरिया हाय का?" मी नुसता हात वर करायचो. थांब! खाली पट्टी पळून राहिली! आता पट्टीतलं समदं मला कळत व्हतं असं न्हाई. पण गिऱ्हाइकाला तर काहीच कळत नव्हतं न? मोठं वाटायला तेवढा फरक बास झाला.

अन् लोक बी काय एकेक नमुने! एकानं इचारलं, "ह्याच्यात हळदीचा भाव कवा सांगतेत?" अरे बाबा, इथं देशाचा कारभार चालून राहिला अन् तू हळद घेऊन बसला! दुसरा म्हणला, "तो कोटवाला सांगते तसं घेतलं तर फायदा व्हते का?" म्हणलं, येड्या, त्यालाच फायदा झाला असता तर तो सकाळ-सकाळ गळ्याला टाय आवळून बोंबलत कशाला बसला असता? कोटवाल्यावर माझा भरवसा नव्हता, गिऱ्हाइकावर नव्हता, भावकीवर तर मुळीच नव्हता. भरवसा एकाच माणसावर, तुमच्या समोर बसला हाय तो.

उन्हाळ्यात एका कंपनीचा आयपीओ आला. म्हंजी कंपनी पहिल्यांदा आपले शेअर लोकायला इकायला काढती. कंपनी काय बनवती ते मी नीट ऐकलं न्हाई. वायरी का बिस्किटं, काहीतरी व्हतं. पण समदे म्हणत व्हते, ज्याला लागल त्याचे पैसे दुप्पट! आता शेअर थोडे अन् मागणारे लई, म्हणून लॉटरी निघती. अन् नियम असा का एका माणसानं एकच अर्ज करायचा.

एका माणसानं एकच! अन् आपली भावकी किती मोठी हाय?

बगा, हे डोकं! पुण्या-मुंबईच्या लोकायला चार माणसं गोळा करताना घाम फुटते. आपल्याकडं चुलता, मामा, काकू, आत्या, एक हाक मारली का नऊ जण उभे. नऊ जणायची शेअरची खाती काढायची, नऊ अर्ज टाकायचे, पैसे माझे, नाव त्यायचं. लागलं तर नफा माझा. न्हाई लागलं तर पैसे खात्यात मोकळे होतेत, ते मी संध्याकाळी जाऊन घेऊन येणार. अशी बिनचूक योजना!

हा "योजना" शब्द जरा बाजूला ठेवा. त्यानंच माझं वाटोळं केलं.

पैसा कुठला? आता आली का पंचाईत! पैसा न्हाणीघराचा व्हता. आमची शोभा लग्न होऊन आली तवापासून परसात चार पत्र्याच्या आडोशाला आंघोळ करती. वारं सुटलं का एका हातानं पत्रा धरायचा अन् एका हातानं तांब्या. वर्षानुवर्षं तिनं मला दुसरं काही मागितलं न्हाई. "मला सोनं नको. आतून कडी असलेलं दार पायजे," एवढंच म्हणायची. यंदा हळद बरी गेली, पैसे बँकेत टाकले, तिनं फरशीचा रंग बी पसंत करून ठेवला. गवंडी पुढल्या महिन्यात येणार व्हता. मी म्हणलं, तवरोक पैसे तिथं झोपून काय करतेत? जरा पळू द्या त्यायला. शोभाला काही सांगितलं न्हाई. तिला काय कळते शेअर बाजारातलं!

पहिल्यांदा गेलो गिरजाकाकूकडं.

"काकू, आधार कार्ड दे, पॅन कार्ड दे, अन् मोबाइल दे."

"काहून रे पल्हाद?"

समजावून सांगावं असं क्षणभर मनात आलं. मंग काकूच्या तोंडाकडं पाहिलं. हिला मी आयपीओ सांगू? हिला रिमोट उलटा धरलेला कळत न्हाई! म्हणलं, "काम हाय."

"योजना आली का?"

"व्हय, तसंच समज."

बास! काकूनं पुढं एक शब्द इचारला न्हाई. खाट झटकून मला बसायला दिलं.

मोबाइल म्हणला, चेहरा रिंगणात आणा अन् डोळे मिचकवा. काकूनं दोन्ही डोळे गच्च मिटले, ते उघडीचना.

"अगं काकू, उघड की!"

"झालं का? मागल्या टायमाला अंगठा घेतला, आता डोळे बी घेऊन राहिले का रे?"

मामाचं तर इचारूच नका. मामाच्या तोंडात एक बी दात न्हाई, अन् फोटो म्हणलं का त्यायला हसायचंच असते. बोळकं पसरून बसले. मोबाइल बी बिचकला असल. हे असले लोक, अन् ह्यायच्या भरवशावर मी मालदार व्हायला निघाल्तो!

दुसऱ्या दिवशी दिगंबर दारात उभा. हा माझा चुलतभाऊ. बांधावरून आमचं असं वाजलेलं का मी समोरून येताना दिसलो तर तो रस्ता बदलायचा. हातात आधारची झेरॉक्स, नाकात फणफण.

"भावकीत योजना आली अन् मला डावललं? म्या काय तुमच्या भावकीत न्हाई?"

वैरी झाला म्हणून काय झालं, अर्ज तर एक वाढतो! आठ झाले व्हते, नववा म्हणून घेतला त्याला बी.

मंग काय, गावात बोंब झाली. सकाळी दारात लाइन! हातात झेरॉक्स, पासबुक, एकानं तर कोंबडी आणली. मी वैतागून ओरडलो, "जा घरी! तुमची नावं यादीत न्हाईत!"

आता तुमीच सांगा, "यादीत नाव न्हाई" असं कोण बोलते? ऑफिसातलंच माणूस बोलते का न्हाई? ज्याच्या मनात थोडी शंका व्हती त्याची बी मिटली.

नऊ जणायच्या बँक खात्यात पैसे टाकले, अर्ज भरले. एक अर्ज माझ्या नावचा बी. पैसे नियमापरमाणं लॉटरी निघेपर्यंत जागच्या जागी अडकले. काकू लगेच गावातल्या मिनी बँकेत गेली. तिथला पोरगा म्हणला, "पैसे आलेत काकू, पण होल्ड हाय. मंगळवारी सुटतील."

काकू समद्यायला सांगत आली, "पैसे आले, अन् अडकले! पक्की सरकारी हाय!"

मला हे समदं कळलं व्हतं बरं का. मी दुकानात बसून पोट धरून हसलो. म्हणलं, काय अडाणी लोक हायेत! देवा, कुठं जन्माला घातलं मला!

मंगळवारी दुकानात टीव्हीसमोर बसून लॉटरीचा निकाल पाहू लागलो. काकू, न्हाई. मामा, न्हाई. दिगंबर, न्हाई. नऊच्या नऊ कोरे! फक्त माझ्या एकट्याच्या नावाला लागला. म्हणलं चला, एक तर आला. दुपारी दुकानासमोरून एक टेम्पो गेला. मागं आमची भावकी कोंबलेली. काकूनं हात केला, मी बी केला. माझं ध्यान पट्टीत. पुढं टेम्पो कुठं गेला, कशाला गेला, हे इचारायचं माझ्या डोक्यात बी आलं न्हाई.

संध्याकाळी पैसे गोळा करायला गावात गेलो. काकूच्या दारात दोन शेळ्या.

"काकू, ह्या कुणाच्या?"

"तुह्याच म्हण! योजनेच्या हायेत. गाभण पाहून घेतल्या." शेळीच्या कपाळाला कुंकू. काकूनं माझ्या बी कपाळाला लावलं.

पळत मामाकडं. मामा कवळीचं माप देऊन, पैसे भरून आल्ते. मला पाहून बोळकं पसरलं. म्हणले, "भाच्या, मरायच्या आधी एकदा भुईमुगाच्या शेंगा खायच्या व्हत्या रे. तुह्यामुळं जमलं." आता अशा माणसाला काय म्हणू? मामा, दात परत द्या?

दिगंबर नव्या कूलरसमोर बनियन वर करून बसला व्हता. मला पाहून ताडकन उठला अन् पाया पडला!

"दादा, म्या तुमाला लई वाईट बोललो. बांध तुमी म्हणसाल तिथं टाकू."

"ते राहू दे दिगंबर, ते पैसे जरा—"

"कळलं, कळलं! लाभार्थ्याचा फोटो लागते न?" असं म्हणून त्यानं कूलरच्या गळ्यात हात टाकला अन् म्हणला, "घ्या!"

मी फोटो घेतला. काय करता? घेतला!

बाकीच्यायचं सांगत बसत न्हाई. कुणी मिक्सर आणला, कुणी पोरीला सायकल. माझे पैसे गावभर फिरून राहिले व्हते. अन् तो मला एकट्याला लागलेला शेअर? बाजारात आल्या दिवशीच तोंडावर आपटला. दुप्पट तर सोडाच, घातले तेवढे बी न्हाई राहिले. टीव्हीवर कोटवाला म्हणला, "गुंतवणूकदारांनी संयम ठेवावा." तुह्या संयमाला लाव काडी!

रविवारी मारुतीच्या पारावर माझा सत्कार ठेवला. वारंगा फाट्याला बॅनर लागला, दिगंबरनं लावला. माझा फोटो केवढा थोरला, खाली नऊ लाभार्थ्यायचे छोटे-छोटे. शाल, श्रीफळ, फेटा, भोंगा. शोभा बायकायच्या घोळक्यात मागं बसलेली, तोंड आवळलेलं. मी ठरवून गेल्तो, आज खरं सांगून मोकळं व्हायचं. ज्याला लाज असल तो पैसे परत करल.

माइक हातात घेतला. म्हणलं, "मंडळी, ऐका! ते पैसे सरकारचे नव्हते!"

टाळ्या! दिगंबर उठून उभा राहिला. "ऐकलं का? सरकारचे नव्हतेच! दादानं आपल्या वजनावर आणले!"

"अरे ऐक की! माझे व्हते ते! माझ्या खिशातले!"

आणखी जोरात टाळ्या! मागून कोणीतरी ओरडलं, "समदे पुढारी असंच म्हणतेत!"

हशा पिकला. तेवढ्यात मामा पुढं आले. नवी कवळी बसवून आल्ते, हसले तर पारावर उजेड पडल असे दात. माझ्या हातातला माइक घेतला अन् इचारलं, "दुसरा हप्ता कवा?"

आख्खं गाव माझ्याकडं पाहू लागलं. मी नारळ घेऊन खाली उतरलो.

घरी आलो. शोभानं माझ्या अंगावरची शाल काढली, घडी घातली, पेटीत ठेवली. मंग सुरू झाली.

"काकूला शेळ्या. दिगंबरला कूलर. ज्यानं तुमची आय-माय काढली त्याला कूलर! मामाला दात. अन् म्या काय पाप केलं? घरची बायको यादीत बसत न्हाई का?"

"शोभे, तसं न्हाई—"

"मला काही ऐकायचं न्हाई. दुसऱ्या हप्त्यात पहिलं नाव माझं टाका. त्याच्यात न्हाणीघर करून टाकू. मंग आपल्या बँकेतल्या पैशाला हात लावायचं कामच न्हाई."

बसलो खाली. एवढा मोठा फेटा डोक्यावर, अन् तसाच भिताडाला टेकून समदं सांगितलं. आयपीओ, लॉटरी, नऊ खाती, समदं. सांगताना मला पहिल्यांदा कळलं का हे सांगायला पाच मिनिटं बी लागत न्हाईत. काकूला बी समजलं असतं.

शोभानं उठून पेटीचं झाकण लावलं. रडली असती तरी चाललं असतं. भांडे फेकले असते तरी चाललं असतं.

"समदे गेले?"

"समदे."

"गवंड्याला सांगा, येऊ नको म्हणून."

मी म्हणलं, "शोभे, मी उद्या घरोघर जातो. खरं काय ते सांगतो. पुन्हा भोंगा लावून सांगतो!"

"काही सांगू नका," ती म्हणली. "कोणी इचारलं तर म्हणा, योजना बंद पडली."

"काहून पण?"

"योजना बंद पडली म्हणलं तर लोक सरकारला शिव्या देतील. खरं सांगितलं तर इचारतील, हिच्या बापानं काय पाहून पोरगी दिली? सरकारला शिव्या खायची सवय हाय. माझ्या बापाला न्हाई."