तुमचंच चाललंय

सकाळी फिरून आलो की आम्ही चौघे निवृत्त मित्र हॉटेलबाहेरच्या बाकावर चहा पितो आणि जगाला नीती शिकवतो. आज समोर एक म्हातारी हात पसरून उभी राहिली आणि वाद पेटला. एक म्हणाला, भीक म्हणजे आळसाला खतपाणी. दुसऱ्याने तिचं पूर्वकर्म काढलं, मी सरकारला ओढलं. म्हातारी "दादा" म्हणाली, तर तिसरा खेकसला, "थांबा हो बाई, तुमचंच चाललंय!"

तत्त्व फार सोयीचं असतं. ते बोलताना हात खिशात घालावा लागत नाही.

अखेर द्यावं असं ठरलं. तोवर शेजारच्या बाकावरच्या माणसाने पेपरातून डोकं वर न काढता वड्याची बशी तिच्याकडे सरकवली होती.

आम्ही ओशाळलो असू? छे! त्याने असं विचार न करता द्यावं का, यावर आम्ही दुसरा चहा मागवला.