काकूंच्या दोन ओळी

सालवाले काका गेलेल्या माणसालाही आपल्या वहीत मोजून जागा देत. "मोठा असो की शेजारचा, दोन ओळी. तिसरी हवी असेल त्याने पुन्हा जन्म घ्यावा," असं खुशाल म्हणत.

काका मूळचे कल्याणचे. ग्लासगोला बोटी बांधायच्या यार्डात ड्राफ्ट्समन होते आणि माझ्या भाड्याच्या फ्लॅटखाली राहत. निवृत्तीनंतर त्यांनी एकच उद्योग धरला होता: दर वर्षाची एक वही. स्कॉटलंडमध्ये यंदा काय घडलं, कोण गेलं. आम्ही आयटीतली मंडळी त्यांना 'सालवाले' म्हणून हसायचो आणि रविवारी त्यांच्याकडेच जेवायला जायचो.

२००६ची वही माझ्यासमोर भरली. पबमध्ये सिगरेट बंद झाली तेव्हा काकांनी कायद्याला एकच ओळ दिली. दुसरी मिळाली कोपऱ्यावरच्या पबबाहेर पावसात कुडकुडत झुरके मारणाऱ्या म्हाताऱ्यांना. फाइफच्या किनाऱ्यावर बर्ड फ्लूने मेलेला हंस सापडला, तर तो थेट माणसांच्या यादीत!

"अहो काका, तो स्कॉटिश तरी होता का?" मी विचारलं.

"आपण तरी कुठे आहोत? इथे येऊन संपला ना, मग इथलाच."

त्याच वर्षी नोव्हेंबरात काकू गेल्या. त्या शाळेत डिनर लेडी होत्या, दुपारचं जेवण वाढायच्या. न जेवणाऱ्या पोराला सरळ मराठीत दटावायच्या आणि ते पोर निमूट जेवायचं. अंत्यविधीला टाय लावलेले थोराड गोरे बाप्ये रडत होते, ती हीच पोरं.

काकांनी वही माझ्या हातात ठेवली. घरचं माणूस घरच्याने लिहायचं नाही, माया आडवी येते, हा त्यांचा नियम. "तू लिही. तिच्या हातचं खाल्लंयस. थर्टी-फर्स्टला वही बंद होते, तेवढं लक्षात ठेव." मी हो म्हटलं.

मग माझा प्रोजेक्ट खाली लंडनजवळ वॉटफर्डला हलला. वही बरोबर नेली. दोन ओळींना वेळ तो किती लागणार, म्हणून रोज उद्यावर ढकलत राहिले. कामाचं निमित्त सांगता येईल, पण तो निव्वळ आळस होता. एकतीस डिसेंबरला दुपारी काकांचा फोन आला.

"झालं का गं?"

"हो काका, केव्हाच."

"मग वाच की."

पान कोरं होतं. मी वाचल्यासारखं करून काहीबाही बोलले. बरं जमलं असावं, कारण पलीकडे काका रडत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "थांब, पेन्सिल घेतो. आता सावकाश वाच. माझ्यापाशी उतरवून ठेवतो."

आणि मला एक शब्द आठवेना. दुसऱ्यांदा मी बोलले ते निराळंच होतं. आयुष्यभर रेघेवर रेघ जुळवलेल्या माणसाला ते कळायला कितीसा वेळ लागणार? पलीकडे पेन्सिल ठेवल्याचा आवाज आला.

"राहू दे," ते म्हणाले. "कामं असतात तुम्हा मुलांना. जेवलीस का?"

रागावले असते तर मी त्याच दिवशी लिहिलं असतं. लाजेने त्यांना पुन्हा फोनही केला नाही. मार्चमध्ये काका गेले, तेव्हा वही माझ्याकडेच होती.

काकूंवर त्यानंतर मी कितीदा तरी लिहिलं, खोडलं. कधी बरं जमतंही. पण काका ज्या दोन ओळी ऐकून रडले, त्या काही मला पुन्हा सापडल्या नाहीत.