थोरली, धाकटी आणि रेडा

रेड्याने माझ्या डोळ्यांदेखत तीन माणसांना मारलं आहे. ठार नाही, पण त्या तिघांना विचाराल तर फारसा फरक नव्हता असंच सांगतील. पहिला आमचा सामानखात्याचा मुकादम. त्याचे पुढचे दोन दात सरकत्या पट्ट्यावर पडले आणि बॅगांबरोबर थेट विमानापर्यंत गेले. दुसरा बरोबरचाच हमाल, त्याचं नाक अजून एका बाजूला बघतं. तिसरा बाहेरचा टॅक्सीवाला. तो हद्दीबाहेर होता म्हणून साहेबांनी त्याला मोजला नाही.

रेडा हे नाव आम्हीच ठेवलेलं. तोंडावर दादा, पाठीमागे रेडा, आणि त्याला दोन्ही माहीत होती. अकरा वर्षं त्याने विमानांच्या पोटात सामान चढवलं होतं. दुसऱ्या ताकीदपत्रानंतर साहेबांनी त्याला माझ्याबरोबर गेटवर आणून उभा केला. चार प्रवाशांसमोर लाजेकाजेने तरी नीट वागेल असा त्यामागचा विचार. साहेबांचं डोकं असंच चालतं. तिसरं पत्र आलं की कायमचं घरी, हे मात्र स्पष्ट सांगितलेलं.

पण घरी कोण होतं? बायको सात वर्षांच्या मुलीला घेऊन भावाकडे निघून गेली होती. का, ते त्यानेच मला सांगितलं, डबा खाता खाता, मान खाली घालून. मी म्हटलं, “तुझे हात तोडले पाहिजेत.” तो म्हणाला, “हो ताई.” मी माझ्या डब्यातली भाजी त्याच्या पुढे सरकवली आणि नंतर दिवसभर स्वतःवरच चिडले.

बायकोने निरोप पाठवला होता: वर्षभर कुणावरही हात उचलू नकोस, मग बघू. रेड्याने ते शब्दशः धरलं. त्याने हात खिशात घातले आणि ते खिशातच ठेवले. प्रवासी तोंडावर ओरडत असला की त्याच्या मुठी आत अशा वळायच्या की पँटच्या खिशांची शिवण उसवायची. मी दोनदा घालून दिली. महिना भरला की सकाळी येऊन मला सांगायचा, “ताई, सातवा.” “ताई, आठवा.” पोर परीक्षा पास झाल्यासारखा चेहरा करून.

आता गेटवर माणसं ओरडतात कशावरून? उशिरावरून, सामानावरून, आणि हे बाहेरच्या कुणाला खरं वाटत नाही, पण विमान कुणी बनवलं यावरून. आमच्याकडे दोन कंपन्यांची विमानं येतात. त्यांची खरी नावं मी घेणार नाही, उगाच डोक्याला ताप नको. आमच्या विमानतळावर जी आधी आली ती थोरली आणि मागून आली ती धाकटी, एका घरातल्या जावा असाव्यात तशा. आणि जावांसारखेच दोघींचे पक्ष. एक निवृत्त मास्तर धाकटीशिवाय बसत नसत, कारण तिची खिडकी बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येते. एका बाईंचं म्हणणं, थोरली जमिनीवर टेकते तेव्हा आदळआपट करते. कुणी धाकटीच्या रुंद खुर्चीवर फिदा, तर कुणी थोरलीच्या पंखांवर. एक गृहस्थ म्हणायचे, धाकटीच्या पोटात कुत्रं भुंकतं. ते यंत्र असतं हो, मी म्हणायचे. ते ऐकायचेच नाहीत.

खरं सांगू? दहातल्या नऊ जणांना डोळे बांधून बसवलं तर कळणार नाही. मी एकदा थोरलीच्या एका भक्ताला बिनदिक्कत सांगितलं की ही थोरलीच. होती धाकटी. परतीच्या वेळी मुद्दाम भेटून म्हणाला, “वा, काय झोप लागली!” रेडा पोट धरून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, “ताई, असं नका करू. कळलं तर माणूस मारेल.” “तू आहेस ना,” मी म्हटलं. त्याने हात आणखी खोल खिशात घातले.

मग दूरच्या एका देशात एक धाकटी पडली. कशामुळे, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. दर तिसरा माणूस गेटवर येऊन विचारू लागला, कुठली आहे? वरून हुकूम आला: विमानाची कंपनी सांगायची नाही. विचारलं तर “तांत्रिक बाब आहे” म्हणायचं. हुकूम काढणारे वातानुकूलित खोलीत आणि शिव्या खायला आम्ही. त्या दोन महिन्यांत माझ्यावर कोणी थुंकलं, कोणी पाण्याची बाटली फेकली. एका बाईने माझा हात काउंटरवर दाबून धरला आणि नखं रुतवली. मुलाची शपथ घालून विचारत होती. रेडा शेजारी उभा, जबड्याची हाडं हलताहेत, हात खिशात. “अकरावा,” तो म्हणाला होता त्याच आठवड्यात.

त्या दिवशी दुपारच्या उड्डाणाला थोरली लागायची होती. ऐन वेळी तिच्या चाकात काही सापडलं आणि तिच्या जागी धाकटी आणली. रांगेत पहिलाच एक टायवाला होता, चाकाच्या खुर्चीत त्याची म्हातारी आई. आई थरथरत होती. तो काउंटरवर ओणवा होऊन म्हणाला, “बाई, एवढंच सांगा. थोरल्या कंपनीचं आहे ना? आईला मी तसा शब्द दिलाय. मुद्दाम दिवस बदलून तिकीट घेतलंय.”

म्हातारी माझ्याकडे बघत होती. मला दया आली, आणि रांग मोठी होती, आणि सकाळपासून मी चहासुद्धा घेतला नव्हता. मी म्हटलं, “हो, तेच आहे. बिनघोर बसा.”

ही चूक माझी. हुकूम गप्प बसण्याचा होता, खोटं बोलण्याचा नव्हता.

पाच मिनिटांत रांगेतल्या एका पोरीने काचेतून विमानाचा फोटो काढला, फोनवर ताडून पाहिला आणि ओरडली, “अरे, ही तर तीच आहे! पडली ती!” टायवाला वळला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. रागाच्या आधी त्यावर काहीतरी दुसरं होतं, फसवला गेलेला माणूस असतो तसं. मग त्याने माझ्या कानाखाली काढली.

मी मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्यात, पण स्वतःला बसते तेव्हा पहिल्यांदा आवाजच जातो. माझा डावा कान सुन्न झाला. त्याने तिकीट तपासायचं यंत्र उपटलं आणि माझ्या डोक्यावर घातलं. मी काउंटरमागे पडले. मागची गर्दी पुढे लोटली. कुणीतरी काच फोडली. पहारेकरी काठी घेऊन धावला, तर त्याचीच काठी हिसकावून त्यालाच बडवला. “खोटारडे!” “मारायला निघालेत आम्हाला!” माझ्या डोळ्यांत डोक्यावरचं रक्त ओघळत होतं आणि त्यातून मला रेडा दिसत होता. दोन तरुण त्याच्या तोंडावर बुक्क्या मारत होते. ओठ फाटून हनुवटीवर लोंबला होता. हात खिशात. रडत होता तो. एवढा धिप्पाड माणूस, मार खात, हात खिशात ठेवून रडत होता.

टायवाल्याने रांगेच्या पट्ट्याचा लोखंडी खांब उचलला. बूड जड, आठ-दहा किलो सहज असेल. तो माझ्या डोक्यावर धरून उभा राहिला. मी डोळे मिटले नाहीत, का कोण जाणे.

तेव्हा रेड्याने हात बाहेर काढले. त्याने मारलं नाही. मागून जाऊन टायवाल्याला मिठी मारली. दोन्ही दंड बाजूला आवळून, छातीशी. खांब खाली पडला तो माझ्या पायाशेजारी. आणि रेडा त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत राहिला, “शांत हो. शांत हो. शांत हो.” अगदी हळू आवाजात. टायवाल्याचे पाय हवेत झाडले जात होते. मग सुक्या फांद्या मोडाव्यात तसा आवाज आला, एक, मग आणखी दोन. माझ्या चांगल्या कानाने मी ऐकला. खुर्चीतली म्हातारी किंचाळत होती, “सोड रे बाळा! मेला तो, सोड!” त्याने सोडलं नाही. गर्दी मागे सरली, सगळं गेट चिडीचूप झालं, तरी त्याने सोडलं नाही. पोलिसांनी चौघांनी मिळून त्याची बोटं एकेक करून सोडवली.

टायवाला वाचला. तीन बरगड्या गेल्या, एक फुप्फुसात घुसली होती. मला नऊ टाके पडले आणि डावा कान गेला तो गेलाच.

चौकशी झाली. सगळं कुणाकुणाच्या फोनमध्ये होतंच. साहेबांनी ती चित्रफीत चार वेळा पाहिली आणि लिहिलं की कर्मचाऱ्याने हात उचलल्याचं दिसत नाही, सहकारी स्त्रीचा जीव वाचवला, असामान्य संयम दाखवला. संयम! मला ताकीदपत्र, त्याला प्रशस्तिपत्र. तरी मला आनंदच झाला. जीव वाचवला होता त्याने माझा, आणि बारावा महिना भरला होता.

त्याला बायकोकडे एकट्याने जायचा धीर होईना. म्हणून मी गेले. तो नवा शर्ट घालून खाली जिन्याशी थांबला आणि मी तिसऱ्या मजल्यावर चढले. वहिनी म्हणजे दिसायला अगदी लहानशी बाई. मला पाणी दिलं, टाके पाहून हळहळली. तिने ती फीत पाहिली नव्हती. भावाने पाहू दिली नव्हती.

“तुम्ही पाहाच,” मी म्हटलं, “दोघे जण त्याला मारताहेत, बघा. हात खिशात. वर्षभर मी साक्षीदार आहे. आणि नंतरसुद्धा त्याने नुसतं धरलंय त्या माणसाला.” मी माझा फोन तिच्या हातात दिला आणि मला कमी ऐकू येतं म्हणून आवाज पूर्ण वाढवला.

आरडाओरडा, काच फुटणं, सगळं झालं. मग ती कुजबुज आली, “शांत हो. शांत हो.”

आतल्या खोलीत मुलगी चित्रं काढत बसली होती. ती उठली, दार लोटलं आणि आतून कडी घातली. नंतर आत काहीतरी जड सरकवल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

वहिनीने फोन बंद करून माझ्या मांडीवर ठेवला. “हात तो नंतर उचलायचा, ताई,” ती म्हणाली. “आधी असंच धरायचा. मागून. आणि असंच म्हणायचा.”

ती दारापाशी जाऊन मुलीला हाका मारत बसली आणि मी निघाले.

खाली तो उभा होता. ओठावरचा टाका अजून लाल. “काय म्हणाली?”

“नाही म्हणाली.”

“पण मी हात उचलला नाही,” तो म्हणाला. “ताई, तुम्ही होता ना? मी उचलला का?” त्याला खरंच कळत नव्हतं. त्याला रडू फुटलं, आणि आधारासाठी तो दोन्ही हात पसरून माझ्याकडे आला.

मी दोन पायऱ्या वर सरकले.