पाईन अजून हिरवा दिसतोय

श्रीरामपूरच्या उन्हात पाईनचा बोन्साय करणाऱ्याला तुम्ही वेडा म्हणाल. आमचे अण्णा, म्हणजे वडील, तसेच होते. ते गेले आणि त्यांची कुंडी अंगणात तुळशीशेजारी राहिली.

आज सकाळी खोड हाताला हललं, म्हणून झाड उपटून बघितलं. मुळं काळी, लिबलिबीत, वास मारत होती. नखाने साल खरवडली, तर आत ओल नावाला नाही. झाड मेलंय.

कारणही माहीत आहे. आई रोज आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालते आणि तांब्यात उरलेलं याला. पाईनची माती वाळू द्यावी लागते, हे सांगून मी थकलो. तिचं उत्तर ठरलेलं, "तुळशीला घालायचं आन् शेजारचं तान्हेलं ठेवायचं व्हय? त्यांचं झाड हाय ते."

तेवढ्यात ती तांब्या घेऊन बाहेर आली. मी घाईघाईने झाड परत कुंडीत बसवलं.

"बघ, कसं हिरवंगार हाय," असं म्हणून तिने पाणी घातलं.

मेलेला पाईनसुद्धा काही आठवडे हिरवाच दिसतो. आईला हे माहीत नाही.

आता सांगून टाकू, की त्याची सुईसारखी पानं पिवळी पडेपर्यंत घालू दे तिला पाणी?