आमच्या अक्षतानं मोटार उघडली

माझी सून अक्षता कुणाचं ऐकून घेत नाही, हे आधीच सांगते. लग्न ठरवताना तिच्या हातकणंगल्याच्या मामानं 'पोरगी जरा फटकळ हाय' असं बजावलं होतं. मी म्हटलं, चालेल, घरात एकटीच भांडून मी कंटाळलेय.

राजारामपुरीत आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पंक्चर, चेन, ब्रेक यांत माझ्या नवऱ्याचा, गणपतरावांचा, हात धरणारा कुणी नाही. पण बॅटरीच्या सायकली आल्या तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, मोटारीला हात लावायचा नाही. मुलगा नोकरीला, म्हणून अक्षता दुकानात बसायला लागली. आणि नुसतं बसणं तिला जमत नाही.

दसरा होऊन थोडे दिवस झाले आणि मीनाबाई आल्या. गुडघे गेलेली बाई, पण क्लासच्या पोरांना भाकरी-भाजीचे डबे पोचवते, बॅटरीच्या सायकलीवर. मागच्या चाकातली मोटार जात्यासारखी घरघरत होती आणि टाकाळ्याचा चढ आला की मान टाकत होती. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, मोटारच बदलावी लागेल, महिनाभर थांबा. तोवर पोरं दुसरी खाणावळ धरणार. सांगता सांगता मीनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"ठेवा हितं, मी बघतो," अक्षता म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'बघतो'च म्हणतात, पण हिचं 'बघतो' जरा जास्तच ठणकावून असतं.

"उघडायची न्हाय," गणपतराव गरजले. "परत जोडता आली न्हाय तर त्या बाईच्या पोटावर पाय यील."

"मामा, न उघडता तरी त्यांचं पोट कुठं भरतंय?" अक्षता सासऱ्यांना म्हणाली.

गणपतराव बाहेर जाऊन पाठ फिरवून बसले. मला हसू आवरेना.

अक्षतानं बॅटरीची वायर काढली, सायकल उचलून धरायला मला लावलं आणि चाक हातानं फिरवलं. घरघर तशीच.

"आत्ती, ऐकलासा? वीज न्हाय तरी आवाज हाय. म्हंजे दुखणं विजेचं न्हाय, लोखंडाचं हाय." हे तिनं बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. लोखंड म्हणजे गणपतरावांचं राज्य. त्यांची पाठ हळूच वळली.

तिनं स्क्रू काढून मोटारीचं झाकण उचललं, तर दुकानभर आंबट वास. आतलं बेअरिंग चिकट आणि गंजलेलं, आणि झाकणाला पोचा येऊन ते आत घासत होतं. अक्षतानं बोट लावून वास घेतला.

"मीनाबाई, खंडेनवमीला नारळ कुठं फोडलासा?"

"चाकाच्या मधोमध की. समद्या गाडीची ताकद तितंच हाय. मग काय हँडलवर फोडू?"

"नारळ देवाच्या म्होरं फोडत्यात, मीनाबाई. देवाच्या डोस्क्यात न्हाय."

आता गणपतराव आत आले. झाकण काखोटीला मारून उद्यमनगरात ओळखीच्या सयाजीच्या लेथ मशीनवर गेले, सरळ करून घेतलं आणि येताना नवं बेअरिंगही आणलं. तोवर हिनं जुनं ठोकून बाहेर काढलं होतं. आत झिरपलेलं नारळाचं पाणी पुसून, सगळं वाळवून तिनं मोटार जोडली. झाकण बसवताना आतलं चुंबक लोखंड खेचून बोट चिमटायला लागलं, तेव्हा दुसरी बाजू गणपतरावांनी धरली.

वायर जोडली. चाक फिरलं, पण घरघर नाही. मीनाबाई टाकाळ्याचा चढ चढून आल्या आणि उतरायच्या आधीच बोलल्या, "पोरास्नी सांगतो, उद्या पिठलं हाय."

माझा ऊर भरून आला. ती काही माझ्या पोटची नाही, पण गल्लीत चार बायका उभ्या होत्या, त्यांना मी मुद्दाम सांगितलं, माझी सून आहे ही.

दुसऱ्या दिवशी एक पावणं बॅटरीची सायकल ढकलत आलं. "गणपतराव, मोटार वाजतीया. बघता काय?"

पंक्चरच्या घमेल्यातून मान वर न काढता ते म्हणाले, "मालकीण आत हाईत. त्यास्नी दावा."

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांनी माझ्यासाठीसुद्धा कधी वापरला नव्हता. मी भांडले नाही. उलट त्यांच्या चहात साखर जास्त घातली.