एनिड क्राउदरची अक्षरं

एनिड क्राउदरला स्वरलिपीचे पाच रेघांवरचे ठिपके वाचता येत नव्हते, आणि आता या वयात ते शिकायची तिची मुळीच तयारी नव्हती. आमच्या या इंग्रजी गिरणीगावात, हॉर्बीडेलमध्ये, तिच्या पिढीच्या निम्म्या गायकांची हीच तऱ्हा. चॅपेलच्या रविवारच्या शाळेत भिंतीवर डो-रे-मीचा तक्ता असे. मास्तर त्यावर छडी वरखाली फिरवत आणि पोरं छडीमागून गात. एडमंड गॅरोबीसाहेबांनी कोरस आणि ऑर्केस्ट्रासाठी रचलेलं ‘महापूर’ हे मोठं गायन छापलं गेलं तेव्हा कोरससाठी दोन तऱ्हेच्या प्रती निघाल्या होत्या. एक ठिपक्यांची, शिकलेल्यांसाठी. दुसरी नुसत्या अक्षरांची, आपल्याकडे सा-रे-ग-म लिहितात तशी, गिरणीतल्या माणसांसाठी. एनिडच्या वडिलांनी दुसरी घेतली, आणि त्यांच्यामागे ते तपकिरी पुस्तक तिच्याकडे आलं.

दिवसभर ती गिरणीत खिडकीपाशी बसून लोकरी कापडातले तुटलेले धागे सुईनं भरून काढायची आणि सोमवारी संध्याकाळी कोरसच्या तालमीला जायची. लग्न झालं, नवरा गेला, मुलगी कॅनडात जाऊन राहिली, पण सोमवार चुकला नाही. चहात दूध आधी घालायचं की नंतर, यावरून नणंदेशी कायमचा अबोला धरलेली ही बाई. तिच्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

फिलिप लँगफर्ड तेवढा गेला तिच्या वाटेला. तो लंडनहून आलेला, हात हलवून कोरस चालवणारा नवा कंडक्टर. त्यानं ‘महापूर’ बसवायचं ठरवलं तेव्हा गावाला आनंदच झाला. मग त्यानं फर्मान काढलं, की सगळ्यांनी नव्या, काळ्या कव्हरच्या ठिपक्यांच्या प्रतीवरूनच गायचं. दोन प्रतींची पानं जुळत नाहीत, दरवेळी अर्धी तालीम पान शोधण्यात जाते, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण सांगायची एक रीत असते, ती या माणसाला कुणी शिकवली नव्हती.

बाकीच्यांनी मुकाट्यानं काळ्या प्रती घेतल्या. ज्यांना ठिपके कळत नव्हते ते शेजाऱ्याच्या सुरात सूर मिसळून वेळ मारून नेऊ लागले. एनिड तेवढी तपकिरी पुस्तक उघडून बसली.

“वरून काळं कव्हर चढव की,” शेजारची मार्जरी कुजबुजली. “आत काय आहे ते कोण बघतंय?”

“मी काय चोरीचं वाचतेय?”

“अगं बाई, गायला तर मिळेल.”

“लपून गायला मिळेल. माझ्या बापानं हे भर हॉलमध्ये छातीशी धरून गायलंय. त्याला मी बुरखा घालायचा?”

लँगफर्डनं ते ऐकलं. “मिसेस क्राउदर, एक तर नवी प्रत, नाही तर घर.”

“मग घर,” असं म्हणून एनिडनं टोपी घातली आणि ती निघाली.

घरी येऊन ती रडली. आधी रागानं रडली, आणि राग ओसरल्यावर खरंखुरं. पुन्हा एवढा ऑर्केस्ट्रा आणून गॅरोबी कधी होणार? झाला तरी तोवर आपला गळा राहील का? ‘महापूर’ गायची ही तिची शेवटची संधी होती, आणि ती तिनं स्वतःच्या तोंडानं घालवली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी तिनं तिकीट काढलं. टाउन हॉलच्या गॅलरीत पहिल्या रांगेत, बरोबर लँगफर्डच्या पाठीमागे. आमच्याकडे श्रोतेही आपापली प्रत मांडीवर घेऊन बसतात आणि कोरस चुकला की जीभ चुकचुकवतात, त्यामुळे तिच्या हातातल्या पुस्तकाचं कुणाला काही वाटलं नाही. पण कोरस उभा राहिला तशी तीही उभी राहिली.

“बाई, बसा की. दिसत नाही,” मागून कुणीतरी म्हणालं.

“ऐकायला आलात ना? मग ऐका.”

आणि तिनं आल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीची, ओळ उचलली. पहिल्या पानावर जरा दबकत, पुढे पूर्ण गळा सोडून. लँगफर्डची मान ताठ झाली, पण हात थांबवता येईना.

मध्यंतरात कोरसच्या सोसायटीचा सेक्रेटरी विल्फ्रेड डायसन धापा टाकत जिना चढून आला. तो बेसच्या, म्हणजे पुरुषांच्या खर्जातल्या, रांगेत गायचा. काळी प्रत त्याच्या काखेत होती.

“एनिड, साहेब म्हणतात, गप्प बस नाही तर बाहेर जा.”

“तिकीट घेतलंय मी. सूर कुठे चुकला का, ते विचार त्यांना.”

“चुकला नाही. म्हणून तर जास्त भडकलेत.”

“आणि तू रे? ठिपके कधीपासून वाचायला लागलास?”

विल्फ्रेडनं काळी प्रत काखेत आणखी आत सरकवली. एकाच छडीमागून गायलेली ही दोघं. तालमी सुरू झाल्यापासून तो ती काळी प्रत समोर धरून नुसता ओठ हलवत होता. बायकोलाही त्यानं हे कळू दिलं नव्हतं.

“बेसची ओळ खाली आहे,” एनिड म्हणाली आणि पुस्तक त्याच्याकडे थोडं सरकवलं.

खाली कोरस जागेवर आला. बेसच्या रांगेत एक जागा रिकामी राहिली. विल्फ्रेडनं काखेतली प्रत खुर्चीवर ठेवली, चष्मा पुसला आणि तपकिरी पुस्तकाची एक बाजू धरली. लँगफर्डनं हात उचलण्याआधी एकदा मागे वळून गॅलरीकडे पाहिलं. दोघांपैकी कुणीही बसलं नाही.